धरणावरचं दरपत्रक

ओडेसा गिलस्ट्रॅप खुर्चीच्या अगदी कडेवर बसली होती. मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. डेलबर्ट नेस्मिथनं दिलेला गोड चहा तिनं हातात घेतला आणि न पिताच टेबलावर ठेवला.

"उद्या दुपारी बारा वाजता मला काढणार आहेत," ती म्हणाली. "नुसतं काढलं असतं तर मी इथं आले नसते, मिस इमोजीन. सरकारी कागद खोटा बनवला, असं लिहून काढणार आहेत. मग कुठल्याच सरकारी ठेक्यावर मला कुणी उभं करणार नाही. एकोणीस वर्षं त्या धरणावर फरशी पुसलीय मी."

इमोजीन स्टॅलवर्थनं बावीस वर्षं कामगार खात्यात मजुरीची तपासनीस म्हणून काढली होती. निवृत्त झाल्यावर तिनं जॉर्जिया राज्यातल्या कोलंबस गावात, एका न्हाव्याच्या दुकानावर, खासगी तपासाचं ऑफिस थाटलं. डेलबर्ट तिचा मदतनीस आणि ड्रायव्हर. तो हुशार आहे असं त्याच्या आईखेरीज कुणी म्हणत नसे.

"कागद कसला?" इमोजीननं विचारलं.

"दरपत्रक."

डेलबर्टनं वहीतून मान वर केली. इमोजीननं त्याच्याकडे न बघताच सांगितलं, "सरकारी ठेक्यावरच्या माणसाला तासाला कमीत कमी किती द्यायचे, हे त्या त्या काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, चालू मजुरीवरून सरकार ठरवतं. तो कागद कामाच्या जागी भिंतीवर लावावा लागतो. बोल, ओडेसा."

"एप्रिलपर्यंत आम्हाला तासाला सोळा डॉलर बेचाळीस सेंट मिळायचे. एप्रिलात रॉइस टार्व्हरनं सफाईचा ठेका घेतला आणि तेरा दहावर आणलं. म्हणाला, सरकारनंच दर उतरवले. आम्ही बारा जण. कुणाला कळणार?" तिनं पर्सचा बंद पिळला. "गेल्या गुरुवारी, पहिल्या तारखेला, जेवणाच्या खोलीतल्या कॅलेंडरचं पान उलटायला गेले, तर कॅलेंडर खिळ्यावरून निसटलं. मागं जुनं दरपत्रक. जॉर्जियाच्या काउंटीचं. सफाई कामगार, सोळा बेचाळीस. खाली आमच्या आधीच्या इंजिनियरसाहेबांची सही. मी सगळ्यांसमोर वाचलं. रॉइस होता, धरणाच्या ऑफिसातली कारकून विनेट होती. म्हटलं, उद्या अटलांटाहून ठेका अधिकारी बाई येतायत, त्यांना दाखवते. आणि कॅलेंडर परत अडकवलं."

"आणि शुक्रवारी कागद नव्हता."

"नव्हता. सकाळी सहाला कुलूप मीच उघडते, एकटी. आठ वाजता रॉइसनं बाईंना आणून कॅलेंडर उचललं, तर मागं काही नाही. कागदाचे तुकडे माझ्या झाडूगाडीच्या पिशवीत, सहीचा तुकडा तेवढा नाही. रॉइस म्हणाला, हिनं वाचनालयातून पलीकडच्या राज्याचं पत्रक छापून लावलं आणि तपासणीच्या भीतीनं फाडलं."

"पलीकडच्या म्हणजे?" डेलबर्टनं विचारलं. "धरणाचं ऑफिस अलाबामात आहे ना?"

"सगळे तेच म्हणतात," ओडेसा म्हणाली. "रस्ता तिथून, टपाल तिथून."

इमोजीननं चहाचा पेला तिच्याकडे सरकवला. "पी आता. उद्या पळायचंय."

*

दुसऱ्या दिवशी डेलबर्टनं नदी ओलांडली आणि अलाबामातल्या पहिल्याच पेट्रोलपंपावर गाडी थांबवली. त्याला सकाळपासून उकडलेल्या शेंगा हव्या होत्या.

"पावती घे, खर्चात लावू," इमोजीन म्हणाली. ती दर मिनिटाला खिडकीची काच वरखाली करत होती.

गल्ल्यावरच्या बाईला डेलबर्टनं विचारलं, "अलाबामात एक तास मागं घड्याळ असतं ना? मग तुमच्या भिंतीवर माझ्या मनगटावरचीच वेळ कशी?"

"कायद्यानं एक तास मागंच आहे, बाबा. पण माझा नवरा कोलंबसात कामाला. एका घरात दोन दुपारी कशा चालतील? चर्च, शाळा, गिरणी, इथं सगळं पलीकडच्या घड्याळावर. एप्रिलात, ऑक्टोबरात, कधीही या."

पावती त्यानं न बघता खिशात कोंबली. दहा मिनिटांत ते धरणाच्या फाटकाशी होते. पहारेकरी हॉलिसच्या खोपटातल्या घड्याळात दहाला पाच कमी होते.

हॉलिसनं नोंदवही उलगडून दाखवली. गुरुवारी ओडेसा तीनला बाहेर. विनेट सहा वाजून पाच मिनिटांनी बाहेर. तिच्यानंतर कुणी नाही.

"टार्व्हर?"

"ते इथून जात नाहीत. तंबूंच्या मैदानाकडच्या फाटकाची किल्ली आहे त्यांच्याकडे."

इमोजीन एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत ऑफिसकडे बघत होती. ते पश्चिमेच्या टोकाला, धरणाच्या भिंतीवरच बांधलेलं होतं. त्याच्या आणि फाटकाच्या मध्ये गाड्यांची जागा, आणि तिच्या कडेला एक म्हातारा सायकॅमोर.

"झाड जुनं दिसतं."

"माझ्या बापानं या झाडाला होडी बांधलीय. धरण नव्हतं तेव्हा नदी इथवर होती, बाई. आपण उभे आहोत तो काठ. पुढचं सगळं पाणी."

"इथं कधी काही घडतं का, की नुसता पहारा?"

"गेल्या साली एक मासेवाला बुडाला. प्रेत ऑफिसच्या पायऱ्यांना लागलं. अलाबामाचे पोलीस पाच मिनिटांत आले आणि खिशात हात घालून उभे राहिले. पाऊण तासानं जॉर्जियाचा शेरीफ पुलावरून वळसा घालून आला, तेव्हा कुठं प्रेत हललं." हॉलिसनं तंबाखूची पिंक टाकली. "मेल्यावरसुद्धा माणसाला थांबावंच लागतं."

डेलबर्टनं हे वहीत लिहिलं नाही. मासेवाल्याचा मजुरीशी काय संबंध?

विनेट फेनेलच्या टेबलावरच्या कॉफीत बारीक वर्तुळं उठत होती. खालून जनित्रांची घरघर फरशीतून तळपायात येत होती. डेलबर्टला ती दातांतही जाणवली.

"दिवसभर असंच?" त्यानं विचारलं.

"सवय होते," विनेट म्हणाली. तिला मात्र कशाचीच सवय झालेली दिसत नव्हती. ती कागद लावत होती, पुन्हा विस्कटत होती. "दरपत्रक मीच काढलं. कामाची जागा म्हणून ठेकेदाराच्या अर्जावर अलाबामाचा टपालपत्ता होता. त्या काउंटीचं पत्रक निघालं, ते मी जोडलं. चूक झाली असेल तर माझी नोकरी जाईल ना?"

"गुरुवारी संध्याकाळी काय पाहिलंस?"

"डबा विसरले म्हणून जेवणाच्या खोलीत गेले. सहा वाजून गेले होते. कॅलेंडर उचलून पाहिलं. होता कागद. खोलीत कुणी नव्हतं." तिनं खाली पाहिलं. "म्हणजे माझ्यानंतर ओडेसाच ना, सकाळी? मला तसं म्हणायचं नाही. पण मी पाहिलं ते पाहिलं."

डेलबर्टचं मन खट्टू झालं. खरं बोलणारी माणसं कधीकधी फार नुकसान करतात.

रॉइस टार्व्हर जेवणाच्या खोलीत पाय पसरून बसला होता. "मिस इमोजीन. निवृत्तीनंतर लोक मासे धरतात म्हणे."

"धरतेच आहे. गुरुवारी तुम्ही किती वाजता निघालात?"

"पाचच्या पुढं. आणि हे आपलं तोंडचं नाही." त्यानं पाकिटातून पावती काढून टेबलावर ठेवली. पुलाजवळचा तोच पंप, तारीख एक, वेळ पाच एकतीस. "अटलांटाच्या बाईंनी पाहिलीय. विनेटनं सहानंतर कागद पाहिला. मी पंपावरून उडत आलो काय?"

"तुमची माणसं कामावर किती वाजता येतात?"

"सहाला. या घड्याळातल्या सहाला. पाच मिनिटं उशीर झाला तर पंधरा मिनिटांचे पैसे कापतो." तो हसला. "शिस्त."

इमोजीन भिंतीशी गेली. पीठकंपनीचं कॅलेंडर तिनं खिळ्यावरून काढलं. भिंत पिवळसर होती, पण कॅलेंडरच्या जागी कागदाएवढा चौकोन हिरवा होता.

"खोली रंगवून किती दिवस झाले?"

"मला काय माहीत?" रॉइस म्हणाला. "मी एप्रिलात आलो. तेव्हापासून पिवळीच आहे."

इमोजीन डेलबर्टकडे वळली. "तुझी शेंगांची पावती दे."

"त्यात काय आहे? दोन डॉलर..."

"दे रे."

तिनं ती वाचली, घडी केली आणि पहिल्यांदाच खुर्चीवर टेकली.

*

बारा वाजता ठेका अधिकारी लॉरेन हॅबरशॅम आल्या. बरोबर बडतर्फीचा कागद आधीच टाइप केलेला. ओडेसा भिंतीला पाठ लावून उभी होती. विनेट दारात, रॉइस खिडकीपाशी.

"सही करायला मला दोन मिनिटं लागतात," हॅबरशॅमबाई म्हणाल्या. "तुम्हाला?"

"दहा," इमोजीन म्हणाली. "आधी कागद. ओडेसानं तो गेल्या आठवड्यात छापला म्हणता. मग हा चौकोन बघा. रंगाऱ्यांनी कंटाळा केला, कागद न काढता भोवतीनं ब्रश फिरवला. खोली एप्रिलच्या आधीच रंगवलेली आहे, हे टार्व्हरसाहेबांनीच सांगितलं. म्हणजे कागद त्याहून जुना. शुक्रवारी हे तुम्हाला दिसलं नाही. तुम्ही कागद शोधत होतात, भिंत नाही."

हॅबरशॅमबाईंनी चौकोनावर बोट फिरवलं.

"कागद सहानंतर इथं होता. विनेट खोटं बोललेली नाही. प्रश्न एवढाच की तिच्यानंतर कोण आलं. ओडेसा येऊ शकत होती. टार्व्हर नाही, कारण त्यांच्याकडे साडेपाचची पावती." तिनं दोन्ही पावत्या शेजारी ठेवल्या. "एकाच गल्ल्यावरच्या. दुसरी आज सकाळची, डेलबर्टची. तिथून इथं दहा मिनिटं. आपण फाटकाशी किती वाजता आलो, डेलबर्ट?"

"दहाला पाच कमी."

"पावतीवर वेळ काय आहे?"

डेलबर्ट वाकला. "आठ चव्वेचाळीस. मशीन बिघडलंय."

"मशीन कायदा पाळतं. आपण सगळे पाळत नाही."

डेलबर्टचं तोंड उघडं राहिलं. "भिंतीवर जॉर्जियाची वेळ, पावतीवर अलाबामाची."

"शाब्बास. म्हणजे टार्व्हरसाहेब पंपावर पोचले, तेव्हा या खोलीत सहा एकतीस झाले होते. विनेट सहा पाचला गेली. दहा मिनिटांचा रस्ता वजा केला तरी मधली पंधरा मिनिटं कागद फाडून झाडूगाडीत टाकायला पुष्कळ. यायला-जायला त्यांचं स्वतःचं फाटक आहे. इथल्या पोरालाही ही पावती फसवू शकली नसती. म्हणून ती अटलांटाच्या पाहुण्यांना दाखवली."

"असेल तास इकडचा तिकडं," रॉइस म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता, पण पाय जवळ आले होते. "तो जुना कागद होता. जॉर्जियाचा. आपण अलाबामात आहोत. फाडायची मला गरजच काय?"

"गरज होती. सही पाहून बाईंनी विचारलं असतं, की आधीच्या इंजिनियरनं जॉर्जियाचे दर का लावले? तो वेडा नव्हता. काम जिथं होतं तिथला दर. टपाल कुठं येतं याला किंमत नाही." तिनं विनेटच्या हातातला कप घेऊन टेबलावर ठेवला. कॉफी थरथरली. "हे ऑफिस काठावर नाही, धरणावर आहे, म्हणजे जुन्या पात्रात. आणि दोन राज्यांची हद्द नदीच्या मधोमध नाही. पश्चिमेच्या, अलाबामाकडच्या काठावर आहे. नदी सगळी जॉर्जियाची. काठ कुठं होता, ते त्या सायकॅमोरला विचारा. नाहीतर हॉलिसच्या मासेवाल्याला. अलाबामाच्या पोलिसांनी त्याला हात का लावला नाही? त्यांना हद्द ठाऊक होती."



"पत्ता अर्जावर मी लिहिला नाही," विनेट पुटपुटली. "त्यांनी लिहिला."

"तुझी चूक न तपासण्याची. ती कबूल कर आणि झोप," इमोजीन म्हणाली. मग ती रॉइसकडे वळली. "माणसं सहाला बोलवायची तर घड्याळ जॉर्जियाचं. पैसे द्यायचे तर काउंटी अलाबामाची. स्वतःवर आलं तर पावतीही अलाबामाची. सोईचं राज्य आहे तुमचं."

"मी वकिलाशी बोलेन," रॉइस म्हणाला.

"जरूर बोला," हॅबरशॅमबाई म्हणाल्या. त्यांनी टाइप केलेला कागद दोनदा फाडला. "हद्दीचा नकाशा मी आजच मागवते. तो हेच सांगत असेल, तर एप्रिलपासूनचा फरक बाराही जणांना द्यावा लागेल. मिस ओडेसा, मी शुक्रवारी तुम्हाला बोलू दिलं नाही."

"नाही दिलंत," ओडेसा म्हणाली. हॅबरशॅमबाईंना ते ऐकून उभं राहावं लागलं.

नकाशा तीन वाजता आला. विनेटनं जॉर्जियाच्या काउंटीचं चालू दरपत्रक छापून आणलं. ओडेसानं ते हिरव्या चौकोनावर नीट बसवलं, चारही कोपऱ्यांना टेप लावला. मग ती कॅलेंडर हातात धरून जरा थांबली.

"खिळा तर तिथंच आहे," डेलबर्ट म्हणाला.

"हातोडी आण," ओडेसा म्हणाली. "याला दुसरा ठोकू. शेजारी."