काठावरचा पाणबुड्या

"हलू नका हं," असं म्हणून ती काचेमागे गेली.

टेबलावर आडवा पडलेला माणूस हलला नाही, पण बोलला. "तुम्हाला पोहता येतं का?"

अकरा वर्षं ती त्या दवाखान्यात एक्स-रे काढत होती. दुखेल का, डॉक्टर कधी येतील, हे सगळे विचारत. हे मात्र नवीन होतं.

"येतं. का?"

"केसांना क्लोरीनचा वास येतोय."

"आता बोलू नका," ती म्हणाली आणि तिने बटण दाबलं.

तो बंदरातला पाणबुड्या होता. पाण्याखाली उतरून धक्क्याचे खांब वेल्डिंगने जोडायचे, हे काम त्याने सोळा वर्षं केलं होतं. उजव्या कानाचा पडदा दुसऱ्यांदा फाटला होता आणि कानामागच्या हाडापर्यंत दुखणं गेलं होतं. डोकं पुन्हा पाण्याखाली घालायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

"माझ्याकडे एक कॅमेरा आहे," शर्टाची बटणं लावत तो म्हणाला. "पाण्यात फोटो काढायचा, रोलवाला. मीही जुनाच घेतला होता. कपाटात पडला तर बुरशी धरेल. तुम्ही घ्याल?"

ती पटकन कशात पडणारी नव्हती. चौतिसाव्या वर्षापर्यंत आलेली दोन बरी स्थळं तिने "बघू" म्हणत घालवली होती. ज्या मावशीकडे ती राहायची, ती म्हणायची, "तुला माणसाची हाडं दिसतात गं, माणूस काही दिसत नाही!" तरीही त्या दिवशी ती "घेईन" म्हणाली. का, ते तिला सांगता आलं नसतं.

"पण वापरायला शिकवल्याशिवाय देणार नाही," तो म्हणाला.

रविवारी सकाळी तो पोहण्याच्या तलावावर आला. बाकावर टॉवेल पसरून त्याने एकेक वस्तू मांडली. विटेसारखा जड कॅमेरा, लांब दांड्यावर बसवायचा फ्लॅश... "याला स्ट्रोब म्हणतात. पाण्यात लाल रंग सगळ्यात आधी मरतो. हा चमकला की जिवंत होतो." मग त्याने झाकणातली रबरी कडी काढून तिच्या तळहातावर ठेवली. "ही जपायची. एक केस जरी अडकला तरी पाणी आत, आणि कॅमेरा गेला."

"माझा केस?"

"तुमचाच. माझे राहिलेत कुठे!"

ती हसली नाही... पण वाकून कडीला ग्रीस लावताना तिने केस घट्ट बांधले.

"यात डोळा लावून नीट दिसतंय का, ते कळत नाही. अंतर अंदाजानेच लावायचं," तो म्हणाला. "आणि पाण्यात सगळं आहे त्यापेक्षा जवळ वाटतं."

"म्हणजे फसवतं."

"सवय होईपर्यंत."

पहिल्या रोलमधले छत्तीसच्या छत्तीस फोटो वाया गेले. अर्धे काळे आणि उरलेले असे धूसर, की तलावाची शिडी कोणती आणि तिचा स्वतःचा पाय कोणता, यावर दोघांचा वाद झाला. दुसऱ्या रोलवर सगळीकडे पांढरे ठिपके होते.

"तलावात बर्फ पडत होता का?" त्याने विचारलं.

"तुम्हीच सांगा. शिक्षक तुम्ही."

"स्ट्रोब भिंगाच्या अगदी शेजारी धरलात. समोरचा सगळा कचरा उजळला. दांडा बाजूला न्या... अजून... अहो, अजून!"

पाण्यात उतरून दाखवता येत नव्हतं, म्हणून तो काठावर पालथा पडून हातवारे करायचा. खालून वर पाहिलं की तिला त्याचे दोन हात लाटांवर तुटताना, जुळताना दिसायचे. तिने एकदा त्यांचाच फोटो काढला. तो रोल धुऊन आला तेव्हा तो फोटो तिने त्याला दाखवला नाही.

बाकावर ती नेहमी त्याच्या डाव्या बाजूला बसे. त्याच्या हे ध्यानात यायला तीन रविवार गेले.

"तुम्ही मुद्दाम या कानाकडे बसता?"

"उन्हामुळे," ती म्हणाली.

ऊन त्याच बाजूला होतं. तो कॅमेऱ्याचा पट्टा गुंडाळत राहिला.

पाचव्या रोलमध्ये तिचे वीस फोटो चांगले आले. ते बघता बघता तो म्हणाला, "धक्क्याच्या सातव्या खांबावर एक पत्रा आहे. चार मीटर खाली. माझा शेवटचा जोड. काम संपवून वर आलो आणि कान गेला... नीट बसला की नाही, कळलंच नाही."

"मी बघून येते."

"तसं नव्हतं म्हणायचं मला."

"मला कळलं काय म्हणायचं होतं ते."

समुद्र शांत असलेली सकाळ बघून, बंदराची परवानगी काढून दोघं होडीतून गेले. तिच्या कमरेला दोर होता, दुसरं टोक त्याच्या मुठीत.

"कान दुखला की लगेच वर. फोटो गेला खड्ड्यात, कळलं?"

खाली पाणी गढूळ हिरवं होतं. खांब अचानक समोर आला, काळा आणि शिंपल्यांनी भरलेला. तिने अंतर लावलं, दांडा बाजूला नेला, बटण दाबलं. एका क्षणात लाल गंज, केशरी शेवाळ आणि त्यांच्या मधोमध पत्र्याची कड उजळली. पुन्हा अंधार. ती तीनदा खाली गेली आणि सात फोटो काढून आली. दोर पकडून त्याच्या तळहातांवर वळ उठले होते. तिने ते पाहिले आणि नजर काढून घेतली.

एकच फोटो नीट आला. स्टुडिओच्या दारात, उजेडाकडे धरून तो कितीतरी वेळ बघत राहिला. शिवणीसारखा सरळ जोड होता तो, कुठेही तुटलेला नाही.

"चांगला बसलाय," तो म्हणाला. मग तिच्याकडे न बघता त्याने सांगितलं, "सोमवारपासून ताईच्या गावी. भावोजींच्या गोदामात हिशेबनीस हवाय."

"आणि बंदर?"

"नव्या पाणबुड्यांना शिकवा म्हणतात. वरून सूचना द्यायच्या. मी नाही म्हटलं. ते खाली उतरणार आणि मी काठावर उभा... नाही जमायचं."

"बरं," ती म्हणाली.

घरी मावशी मटार सोलत होती. तिने सगळं ऐकलं आणि हात थांबवले. "बरं? नुसतं बरं? अगं, तो निरोप घेत होता होय? तुझ्या तोंडाकडे बघत होता तो!"

"बघत नव्हता. रस्त्याकडे बघत होता."

"मग तर झालंच!" मावशी म्हणाली आणि तिने मटार पुन्हा ओढून घेतले.

शनिवारी दुपारी ती त्याच्या खोलीवर गेली. दार उघडंच होतं. पलंगावर बॅग, बॅगेत घड्या केलेले शर्ट. तिला बघून तो मोजे हातात धरून उभाच राहिला.

"मला कुठून शिकवलंत?" तिने दारातूनच विचारलं.

"अं?"

"पाच रोल. एकदा तरी पाण्यात उतरलात? काठावरूनच शिकवलंत ना? मी शिकले ना?"

"तुमची गोष्ट वेगळी. तिथे बारा जण असतील."

"मग?"

"मग म्हणजे..." मोज्यांची जोडी त्याने उगाचच वेगळी केली. "बारा जणांवर काय माझा जीव जडणार आहे?"

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी सुरू करायचा प्रयत्न करत होतं. चौथ्यांदा ती सुरू झाली आणि निघून गेली, तरी दोघं तशीच उभी होती.

"हे स्टुडिओच्या दारात सांगायला काय झालं होतं?" ती म्हणाली.

"तुम्ही बरं म्हणालात."

"मला पटकन काही म्हणता येत नाही. दोन दिवस लागतात." तिने चपला काढल्या आणि आत आली. "थांब ना. जाऊ नकोस."

ते एकेरी शब्द ऐकून तो खुर्चीत बसला. ती पलंगाशी गेली आणि बॅगेतला सगळ्यात वरचा शर्ट काढून तिने कपाटात ठेवला. मग दुसरा.

"सकाळपासून घड्या घालतोय मी त्यांच्या," तो म्हणाला.

"छान घातल्यास," ती म्हणाली आणि तिसरा उचलला.