सर्व्हर रूमचं कुलूप

विश्वास ठेवायचा तर ठेवा, पण माझी मावशी थापा मारत नाही. तिला तेवढी कल्पनाशक्तीच नाही. आणि हे घडलं ते रात्री नव्हे. भरदुपारी, रविवारी, तिच्या रिकाम्या ऑफिसात.

मावशी सर्व्हर सांभाळते. ती लागली तेव्हा सेटिंगच्या फाइल्सचा नुसता उकिरडा होता. 'नवीन', 'नवीन खरी', 'शेवटची', 'शेवटची हात लावू नका'. तिने सगळं गिट नावाच्या प्रणालीत आणलं. म्हणजे एक ओळ बदलली तरी नोंद राहणार : कोणी, कधी, कशासाठी. चुकलं तर बदल मागे फिरवायचा.

नियम एकच. कारण लिहिल्याशिवाय बदल नाही.

जुनी खोडं वैतागली. "आता शिंकायलाही कारण लिहायचं का, पोलीसबाई?"

"शिंका की. सर्व्हरवर शिंकू नका."

मग एका सकाळी सर्व्हर रूमचं दार सताड उघडं सापडलं.

त्या दाराला विजेचं कुलूप. तेही एका फाइलवर चालायचं. फाइलमधल्या 'कुलूप : हो' या ओळीचं 'कुलूप : नाही' झालं होतं.

नोंद होती. पण नावाच्या जागी... काहीच नाही.

कारणाच्या जागीही... काहीच नाही.

मावशीने बदल मागे फिरवला. चार दिवसांत पुन्हा 'नाही'.

साहेब म्हणाले, "चोर सापडत नसेल तर ही नोंदींची मिजास हवी कशाला? आणखी एकदा दार उघडं दिसलं, तर नोंदी बंद. आणि तुम्हालाही सुट्टी."

म्हणून त्या रविवारी मावशी एकटी जाऊन बसली. बाकी सगळ्यांचे पासवर्ड बंद करून. समोर काचेचं दार, आत पंख्यांची घरघर.

आणि घरघरीतून... टकटक.

कीबोर्डची एक कळ... थांबून दुसरी... अंधारात चाचपडल्यासारखी.

तिच्या पडद्यावर ओळ बदलली. 'नाही.'

तिने काचेतून पाहिलं. आत कोणी नव्हतं. कीबोर्डही नव्हता. तो कपाटात, आणि कपाटाची किल्ली तिच्या पर्समध्ये.

दुसरी कोणी असती तर चपला सोडून पळाली असती. मावशी चिडली. तिने ओळ मागे फिरवली.

टकटक. 'नाही.'

पुन्हा फिरवली. पुन्हा 'नाही'.

"हे बघा, तुम्ही कोण असाल ते असा," ती दाराला म्हणाली. "इथे साहेबांनाही सवलत नाही. कारण लिहा. पटलं तर ठेवते."

तिने स्वतःचे हात कळांवरून काढून घेतले.

टक. टक... टक.

नाव कोरं. कारण : 'मी आत आहे.'

मावशीने काचेतून पुन्हा पाहिलं, आत कोणी नाही. पण शब्द म्हणजे शब्द. तिने खाली स्वतःचं नाव घालून लिहिलं, 'कारण पटलं. मंजूर.'

कुलूप खटकन उघडलं. दार हळूच बाहेर ढकललं गेलं... अंगावरून गार झुळूक गेली, जणू इतके दिवस दारासाठी नाही, मंजुरीसाठीच अडलेली... आणि लांब जिन्याचं दार लागलं.

सोमवारी साहेब तिला काढून टाकायचा कागद घेऊनच आले.

"दार उघडं?"

"माझ्या मंजुरीने. कारण लिहिलंय. वाचा, मग काढा मला."

साहेबांनी वाचलं. चष्मा पुसला. परत वाचलं.

"ही नोंद पुसा."

"पुसली तर पुसल्याचंही कळेल. मी नाही पुसणार."

साहेबांनी कागद घडी करून खिशात घातला. त्यानंतर ते त्या दारासमोरून जायचे नाहीत. लांबचा जिना धरायचे.

महिन्याभराने, ऐन कामाच्या वेळी, मावशीच्या पडद्यावर ओळ बदलली.

'कुलूप : हो.'

नाव कोरं. कारण : 'आता ते आत आहेत.'

तिने साहेबांच्या केबिनकडे पाहिलं. खुर्ची रिकामी... चष्मा टेबलावर.

तिने बदल मागे फिरवला आणि धावली. साहेब आत जमिनीवर बसले होते, कान दाबून. आत कसे गेलात, यावर ते आजवर बोललेले नाहीत. दुसऱ्याच दिवशी त्यांनी नोकरी सोडली.

मागे फिरवताना मावशीनेही कारण लिहिलं होतं. नियम म्हणजे नियम.

'तुमचं कारण पटलं नाही.'

त्याखाली अजून काही आलेलं नाही. मावशी रोज सकाळी आधी ते बघते... मग पर्स ठेवते.