सात किलो चारशे

“माणशी एक दगड न्या काठावरला. बेटावर ठिवल्याबगर माघारी निघू नका,” सासूबाई उंबऱ्यातून म्हणाल्या. कडूबाई त्यांचं नाव. घरात सगळे आत्याच म्हणतात. मी दोन तांबडे दगड उचलले. एक मल्हारचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा, आणि एक माझा.

“अन् हिचा?” आत्यांनी माझ्या कडेवरच्या महेश्वरीकडं बोट केलं.

“ती कुठं पाय टेकवणार आहे? कडेवरच राहील.”

“कडंवरचं बी माणूसच हाय, शिवकन्या.”

मी हसण्यावारी नेलं. भूगोल घेऊन बी.ए. झालेय मी. नळदुर्गच्या अलीकडच्या आमच्या तलावात एप्रिलमध्ये पाणी उतरलं की मधोमध काळी पाठ वर येते. लाव्हारसाचा कठीण थर तेवढा राहिला, मऊ तांबडा थर पाण्यानं खाल्ला, म्हणून ते बेट. त्यात गूढ काय? काठ तांबडा आणि बेट कुळकुळीत काळं, त्यामुळं लोकांनी ठेवलेले दगड लांबूनही दिसतात. बेटाच्या मध्यातून एक भेग गेलीय, हात जाईल एवढी. तलाव निवांत असला तरी तिच्यात खाली पाणी वाजत असतं.

मल्हारचा जोडीदार बब्रुवान तापानं पडला होता, म्हणून जाळं काढायला मी निघाले. गुऱ्हाळातली जुनी काहिल, उसाचा रस आटवायची रुंद कढई, हीच आमची होडी. महेश्वरीला आत्यांजवळ ठेवता आलं असतं. पण जन्मली तेव्हा ती पावणेदोन किलोची होती, आणि तेव्हापासून मी तिला नजरेआड केलेलं नाही. दर सोमवारी झोळीत घालून मासे तोलायच्या बॅटरीवरच्या काट्याला लटकवून तिचं वजन करायचे.

“लेकरू हाय का मरळ?” आत्या टोमणा मारायच्या.

तो सोमवारच होता. घरातून निघताना काट्यावर सात किलो चारशे. मग काटा आणि झोळी मासळीसाठी काहिलीत घेतली.

बेटाच्या कडेचं जाळं निघालं. बरीच चिलापी, एक मोठा रोहू. मी उतरून दोन दगड ठेवले आणि परत काहिलीत बसले. वीसेक हात गेलो असू. तिला घेऊन माझा डावा हात रोज अवघडतो, तो आज अवघडला नव्हता.

महेश्वरी मान वळवून भेगेकडं बघत होती. हसत होती.

मी तिला झोळीत घातलं, काट्याला लटकवलं. सहा किलो शंभर.

“सेल उतरले असतील,” मल्हार म्हणाला.

मी रोहू लावला. मघाशी जाळ्यातून काढल्यावर भरला होता तेवढाच, दोन किलो दोनशे. पुन्हा महेश्वरीला लावलं. पाच किलो तीनशे.

“अहो, माघारी फिरवा.”

“अगं पण दगड? काठावरला लागतो. अन् काठ लई लांब हाय.”

माझी नजर जाळ्यावर गेली. जाळं बुडावं म्हणून खालच्या दोरीला बांधलेले दगड. तांबडे. आमच्याच काठाचे.

मल्हारनं काहिल फिरवली. विळ्यानं दोऱ्या कापत मी बेटावर उतरले आणि एक दगड टेकवला. काहीच झालं नाही.

“लवकर! हलकं पडायलंय लेकरू,” मल्हारचा आवाज फाटला. त्याच्या हातात ती नुसत्या दुपट्यासारखी दिसत होती.

उशीर झाल्यावर एक दगड पुरणार नव्हता. बेट घेतंय ते वजन. मग वजनच देऊ.

झोळीत दगड भरले. सहा किलो नऊशे. आणखी एक घातला. साडेसात. तो काढला, लहान शोधला.

झोळी झुलत होती. आकडा स्थिर होईना.

मी श्वास रोखला.

सात किलो चारशे.

झोळी भेगेच्या तोंडाशी ओतली. “घे,” मी म्हणाले. “ग्रॅमभर कमी नाही.”

भेगेतलं पाणी वाजायचं थांबलं.

आणि महेश्वरीनं असा टाहो फोडला की काठावरचे बगळे उडाले. मी तिला घेतलं आणि माझा हात खांद्यापासून भरून आला. काय सुंदर कळ होती ती! काट्यानंही तोच आकडा दाखवला. मी त्या बेटावर उभी राहून ओरडले, हसले. मल्हार रडता रडता हसत होता, आणि त्याच्या पायाशी चिलापी उड्या मारत पाण्यात चालली होती. जाऊ दिली.

आत्यांनी गल्लीत गूळ वाटला. आता सोमवारी काटा त्याच आणून देतात. “बघ गं, भरली का माझी मरळ?” भरली. आठ किलो शंभर.

मी जिंकले, हे खरंच. पण गेल्या रविवारी दुपारी एक जोडपं आलं, सोलापूर पासिंगची पांढरी गाडी, हवेची रबरी होडी, सोबत चारेक वर्षांची मुलगी. बेटावर फोटो काढत होते. मी काठावरून हाका मारल्या. वारा उलटा होता. तलावाला वळसा घालून पळत गेले तोवर ते गाडीशी पोचले होते. बेटावर नवा दगड एकही नव्हता.

आई फोनवर बोलत होती. बोलता बोलताच तिनं मुलीला दोन बोटांनी उचललं, ओढणी उचलावी तसं, आणि मागच्या सीटवर ठेवलं. मुलगी काचेतून तलावाकडं बघत हसत होती. मी गाडीमागं धावले, ती थांबली नाही.

पिवळा फ्रॉक, गालावर काजळाची तीट, पायात एकच सँडल. ओळखीची असेल तर आजच जा तिच्याकडं. काटा नसला तरी चालेल. नुसती एकदा उचलून बघा.