हितसंबंधाचा रकाना

सकाळची आठची बोट सुटता सुटता ती धावत धक्क्यावर आली आणि उडी मारून आत पडली... म्हणजे जवळजवळ पडलीच. सुकाणूवरच्या तरुणाने तिला दंडाला धरून सावरलं आणि वहीत एक रेघ मारली.

"ती रेघ खोडा," ती धापा टाकत म्हणाली. "मला मोजू नका. मी मोजायला आलेय."

"मोजणाऱ्यालाही वजन असतंच की, मॅडम."

तिला राग आला आणि हसूही आलं. दोन्ही एकदम आलं की काय करायचं, हे तिच्या अभ्यासक्रमात नव्हतं.

ती वाहतूक खात्यात उमेदवारीवर असलेली धोरण सल्लागार. नदीवर नवा पूल झाला होता. आता ही बोट ठेवायची की बंद करायची, याचं दोन पानी टिपण तिला मंत्र्यांसाठी लिहायचं होतं. आयुष्यातलं पहिलंच. ते महिनाअखेर वर गेलं, तरच नोकरी कायम होणार होती.

"सल्लागार व्हायला काय लागतं हो?" दुसऱ्या दिवशी बोटवाल्याने विचारलं.

"अर्थशास्त्र, थोडा कायदा, धोरणाचा दोन वर्षांचा अभ्यास. मग स्वतः जाऊन बघायचं, लोकांना विचारायचं आणि सगळं दोन पानांत बसवायचं. तिसरं पान मंत्री वाचत नाहीत."

"आणि पहिली दोन?"

"त्यावर अजून संशोधन चालू आहे."

"सल्ला ऐकलाच नाही तर?"

"पगार मिळतो."

"भाग्यवान आहात! आमची आई तीस वर्षं हेच काम फुकट करतेय."

नियमाप्रमाणे मोजणी तीन दिवसांची. ती सहा दिवस गेली. घरी सांगितलं, नमुना मोठा हवा. पुलावरून गेलं तर पलीकडच्या नर्सना दवाखाना गाठायला पाऊण तास जास्त लागतो, हे तिने टिपून घेतलं. ऊन तोंडावर आलं की बोटवाला फक्त डावा डोळा मिटतो, हेही टिपलं. मात्र वेगळ्या वहीत.

टिपण झालं. बोट चालू ठेवावी, असा सल्ला. तिच्या वरिष्ठ बाईंनी ते वाचलं आणि चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं.

"मुद्दे चोख आहेत. पण सहा दिवस?" त्यांनी एक छापील फॉर्म पुढे सरकवला. "हा भर. 'या विषयात आपला वैयक्तिक हितसंबंध आहे काय?' नसेल तर टिपण आजच वर जाईल. असेल तर ते दुसरा कुणीतरी नव्याने लिहील. आणि तुझ्या नोकरीचं... बघू."

"उद्या दिला तर चालेल?"

"उद्या दे. पण खरं लिही."

पंचाईत अशी, की खरं तिला अर्धंच माहीत होतं. उरलेलं अर्धं आठच्या बोटीवर होतं.

"एक माहिती हवी होती," सकाळी ती म्हणाली. "कागदासाठी."

"अठ्ठावीस उतारू."

"ती नको. तुमचा... म्हणजे... माझ्यात काही हितसंबंध आहे का?"

त्याने इंजिन बंद केलं. बोट ऐन नदीत डुलत राहिली. अठ्ठावीस उतारूंनी अतिशय सभ्यपणे पाण्याकडे बघत कान टवकारले.

"आहे," तो म्हणाला. "पहिल्या दिवसापासून."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्हाला वाटलं असतं, बोट वाचवायला गोड बोलतोय."

तिने पेन काढलं आणि गुडघ्यावर फॉर्म ठेवून लिहिलं – होय. अक्षर जरा वाकडं आलं. दोष लाटांना दिला.

"अभिनंदन," मागून एक मास्तर म्हणाले. "आता इंजिन सुरू करा. शाळेची घंटा प्रेमासाठी थांबत नाही."

वरिष्ठ बाईंनी फॉर्म दोनदा वाचला. "या रकान्यात 'होय' मी पहिल्यांदाच बघतेय," त्या म्हणाल्या आणि तिची उमेदवारी तीन महिने वाढवून तिच्या हातात सायकलतळांची फाईल ठेवली. बोटीचं टिपण एका सहकाऱ्याने नव्याने लिहिलं. त्यानेही स्वतः जाऊन मोजलं – तीनच दिवस – आणि सल्ला तोच दिला. मंत्र्यांनी त्यावर शेरा मारला, 'चर्चा करावी'.

"म्हणजे काय गं?" बोटवाल्याने धास्तावून विचारलं.

"म्हणजे निदान दहा वर्षं बोटीला कुणी हात लावत नाही," ती हसत म्हणाली. "आता कशाचीच घाई नाही."

"तुला नसेल," तो म्हणाला. "मी आईला रविवारी तुमच्या घरी घेऊन येतोय."