अहो, रेषेच्या मागे

पंधराव्या शतकातल्या फ्लॉरेन्सबद्दल मराठीतून बोलायचं, तेही सिंगापूरच्या म्युझियममध्ये, तेही मुलांकडे राहायला आलेल्या पुण्याच्या आजी-आजोबांसमोर... वल्लरीने हे काम हौसेने अंगावर घेतलं होतं. आठवडाभर ती एका बँकेत सॉफ्टवेअर तपासायची. रविवारी मात्र इटलीहून प्रदर्शनासाठी आलेल्या या जुन्या चित्रांमध्ये तिचा जीव रमायचा.

इतका रमायचा, की तिने कुणालाही न सांगता फ्लॉरेन्सला अर्ज केला होता. जुनी चित्रं दुरुस्त करायला शिकवणारा अभ्यासक्रम होता आणि तिला प्रवेश मिळालाही होता. महिनाअखेरीपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. हो म्हटलं की नोकरी सुटणार, नोकरीबरोबर सिंगापूरला राहायचा पासही जाणार, आणि आई-बाबा काय म्हणतील ते वेगळंच. धीर काही होत नव्हता.

त्या रविवारी बाहेर पाऊस कोसळत होता. वल्लरीच्या घोळक्यामागे एक ओलाचिंब तरुण येऊन उभा राहिला. कुणाचा तरी मुलगा असेल असं समजून ती बोलत राहिली. समोरच्या चित्रात देवदूत मेरीला शुभवार्ता सांगत होता आणि त्यांच्यामागे रोमन घाटाचे देखणे खांब होते. शेकडो वर्षं पडक्या अवस्थेत राहिलेलं जुनं रोम या कलावंतांनी पुन्हा डोळे उघडून पाहिलं, त्याची मापं घेतली, आणि त्यातून आपलं नवं काही उभं केलं, असं ती सांगत होती. रंग अंड्याच्या बलकात कालवलेले आहेत म्हटल्यावर घोळक्यातल्या कुमुदकाकूंनी पदर सावरून एक पाऊल मागे घेतलं. तो तरुण मात्र पुढे सरकला. इतका पुढे, की नाक चित्राला टेकायचंच काय ते बाकी राहिलं.

“अहो!” वल्लरी घाईघाईने म्हणाली. “अहो, रेषेच्या मागे या ना!”

आता नाव माहीत नसलेल्या माणसाला मराठी मुलगी दुसरं काय म्हणणार? पण कुमुदकाकूंनी त्या ‘अहो’चा त्यांच्या पिढीला ठाऊक असलेला अर्थ घेतला.

“अगं, चारचौघांत नवऱ्याला असं बोलू नये,” त्या म्हणाल्या, आणि त्याच्याकडे वळल्या. “तुम्ही मनावर घेऊ नका हो जावईबापू. बायको किती छान सांगते तुमची!”

वल्लरीचे कान तापले. आता हा खुलासा करील म्हणून तिने त्याच्याकडे पाहिलं. त्याने तिच्याकडे पाहिलं... आणि निमूटपणे काकूंची पिशवी आपल्या खांद्याला अडकवली. पुढचा सगळा वेळ तो जावई होऊन काकूंचा हात धरून फिरला. दाराशी काकूंनी दोघांचा फोटो काढला, वर “जरा जवळ उभे राहा की, लाजायला काय झालं?” म्हणून दटावलंसुद्धा.

सगळे गेल्यावर दोघं जवळच्या हॉकर सेंटरमधल्या एका खाऊच्या स्टॉलपाशी कोपी, म्हणजे तिथली दाट कॉफी, प्यायला बसले. त्याचं नाव कुशल होतं. तो मालवाहू जहाजावर इंजिनियर होता, आणि जहाज दुरुस्तीला लागल्यामुळे तोआ पायोहला मित्राच्या फ्लॅटवर राहत होता. पाऊस चुकवायला आत शिरलो, मराठी ऐकलं आणि पाय थबकले, असं त्याने सांगितलं.

“ते ठीक आहे. पण काकूंना खरं का नाही सांगितलंत?”

“तुम्ही सांगाल म्हणून थांबलो होतो,” तो साळसूदपणे म्हणाला. “तुम्ही का नाही सांगितलंत?”

वल्लरी कोपी ढवळत बसली. साखर केव्हाच विरघळली होती.

पुढच्या रविवारी तो पुन्हा आला, कोरडा ठणठणीत. त्याच्या पुढच्याही आला. म्युझियमची फेरी संपली की दोघं खूप बोलायचे. एकदा तिने त्याला फ्लॉरेन्सच्या दोन मित्रांची गोष्ट सांगितली. ते रोममध्ये जुने अवशेष उकरत हिंडायचे, आणि लोकांना वाटायचं हे पुरलेलं धन शोधताहेत.

“खाली काही आहे हे त्यांना माहीत होतं?” कुशलने विचारलं.

“खात्री नव्हती. उकरून बघत होते.”

“म्हणजे बघायला हरकत नसते,” तो म्हणाला, आणि तिच्याकडे बघत राहिला. वल्लरीला तो बघणं थांबवेल तर बरं असं वाटलं, आणि थांबवलं असतं तर चुकल्यासारखंही वाटलं असतं. आपण याच्या प्रेमात पडलो आहोत हे तिला त्या दिवशी कळलं.

महिना संपत आला तसं जहाजही दुरुस्त झालं. शुक्रवारी निघतोय, परत यायला सहा-सात महिने लागतील, असं कुशलने तोआ पायोहच्या हॉकर सेंटरमध्ये भाताची थाळी पुढे ओढत सांगितलं. मग वल्लरीने फ्लॉरेन्सचं सगळं सांगून टाकलं. हे ऐकणारा तो पहिलाच माणूस. आता हा ‘जाऊ नका’ म्हणेल... म्हणावं असंही तिला वाटत होतं, म्हणू नये असंही.

“जा,” कुशल म्हणाला.

तिला ते लागलं. “इतक्या पटकन?”

“विचार करत बसलो तर थांबा म्हणेन. मग तुम्ही इथे बिशानच्या घरी बसून माझ्या जहाजाची वाट बघाल, आणि ती चित्रं दुसरंच कुणीतरी दुरुस्त करेल.” त्याने चमचा खाली ठेवला. “मला तुम्ही फार आवडता. हे आधी सांगायला हवं होतं, आणि जा असं नंतर म्हणायला हवं होतं.”

“क्रम चुकलाच,” वल्लरी म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते आणि हसूही आवरत नव्हतं. “मलाही तुम्ही आवडता. खूप.”

मग कुशलने आणखी एक गोष्ट कबूल केली. त्याचं जहाज इटलीला जायचं, लिव्होर्नोच्या बंदरात, फ्लॉरेन्सपासून तासा-दीड तासावर. वल्लरी बघतच राहिली. इतके रविवार तिने इटलीबद्दल बोलावं आणि याने अवाक्षर काढू नये? तो ओशाळला. पुष्कळदा गेलो, पण इंजिनच्या कामातून जेमतेम दोन-तीन तास सुटका व्हायची, फ्लॉरेन्स कधी पाहिलंच नाही, मग तुमच्यासमोर कुठल्या तोंडाने सांगणार, असं म्हणाला.

“आताही तेच होणार,” तो म्हणाला. “फ्लॉरेन्सला येऊन परत जाण्याइतका वेळ मला मिळत नाही.”

“मग मी लिव्होर्नोला येईन.”

“तिथे बंदरावर बघायला काही नाही हो. नुसत्या क्रेन आणि कंटेनर.”

“मी क्रेन बघायला येणार नाहीये.”

कुशलने थाळी बाजूला सारली.

“मग ये,” तो म्हणाला. इतके दिवस तो तिला ‘या’ म्हणत आला होता.

वल्लरीने फोन काढला, त्याच्यासमोरच फ्लॉरेन्सला होकार कळवला, आणि मगच आपला हात त्याच्या हातात दिला.