पायांची वही

मी ठाण्यात आग विझवायचे सिलिंडर तपासतो. सोसायट्यांच्या जिन्यात लाल सिलिंडर टांगलेले असतात ना, तेच. वर्षातून एकदा त्यांचं वजन, दाब, नळी बघायची आणि गळ्यातल्या कार्डावर तारीख टाकून सही करायची. या धंद्यातले निम्मे लोक तळमजल्यावर चहा पीत बावीस मजल्यांची कार्डं भरून मोकळे होतात. मी प्रत्येक सिलिंडर हातात घेतो. त्यामुळे माझी कामं रेंगाळतात, सोसायट्यांचे सेक्रेटरी कटकट करतात, आणि मेघना, माझी बायको, म्हणते की तुला कुरिअरच्या पावतीवर सही करायलाही पाच मिनिटं लागतात. तिचं खरं आहे. न बघता मी सही करत नाही. पूर्वी केली होती, तीनदा.

जानेवारीत गुरुदत्त केणेचा फोन आला. आम्ही दोघं एकाच पलटणीतले. तो मूळचा टिटवाळ्याचा. घरची बरीचशी जमीन बिल्डरकडे गेली, उरलेल्या तुकड्यावर त्याने काळू नदीच्या अंगाला रिसॉर्ट बांधलंय. पलटणीतल्या जुन्या लोकांचा मेळावा तो दरवर्षी तिथेच भरवतो आणि मी दरवर्षी काहीतरी सबब सांगतो.

"शुक्रवार ते रविवार. सव्वीस जण येतायत," तो म्हणाला. "या टायमाला टांग मारलीस ना केदार, तर कळव्याला येऊन उचलून नेईन तुला."

"बघतो."

"बघतो बिघतो नाय. रविवारी सुशांतची आई येणारे दिव्यावरून. म्हातारीला शाल तूच घालायची. तू त्याचा बडी होतास."

मी येतो म्हणालो.

बडी म्हणजे जोडीदार. फौजेत दोघादोघांची जोडी लावून देतात. आम्ही साडेअठरा हजार फुटांवरच्या चौकीवर होतो, आणि तिथे या जोडीचं एक ठरलेलं काम असे. दुपारी जेवणानंतर तासभर खंदकाच्या तोंडाशी ऊन यायचं. तेवढ्या वेळात समोरासमोर बसून मोजे काढायचे आणि एकमेकांचे पाय तपासायचे. प्रत्येक बोट दाबून बघायचं. गरम आहे का, रंग परत येतो का, दाबलेलं समजतंय का. हिमदंश झाला की बोट दुखायचं थांबतं, त्यामुळे ज्याचं बोट त्यालाच पत्ता नसतो. म्हणून दुसऱ्याने बघायचं. सगळं ठीक असेल तर 'ठीक' म्हणायचं आणि वहीत जोडीदाराच्या नावापुढे सही करायची. तिला आम्ही पायांची वही म्हणायचो.

सुशांत भगत दिवा गावातला. बडबड्या, नकला करण्यात पटाईत. तपासणी नेहमी करंगळीपासून सुरू करायचा. म्हणायचा, चोर आधी लहान खिडकीतून शिरतो. एकवीस वर्षांपूर्वी, असाच जानेवारी होता, मेघनाचं पत्र आलं. आमचं लग्न तेव्हा नुकतंच ठरलेलं. सुशांतने ते माझ्या पिशवीतून काढून तिच्या आवाजात सगळ्यांना वाचून दाखवलं. लोक पोट धरून हसले. माझ्या नाकावर तेव्हा कायम राग असायचा. मी त्याच्याशी बोलणं सोडलं.

पहिल्या दुपारी तो मोजे काढून माझ्यासमोर बसला आणि डावा पाय माझ्या मांडीवर ठेवला. समेट करायची त्याची पद्धत ती. मी पाय बाजूला सारला, 'ठीक' म्हणालो आणि वहीत सही केली. पायाकडे बघितलंसुद्धा नाही. दुसऱ्या दुपारी त्याने मोजे काढलेच नाहीत. तिसऱ्या दुपारीही नाही. सही मी दोन्ही दिवस केली. त्या तीन दिवसांत त्याने माझे पाय मात्र रोज तपासले, एक शब्द न बोलता, करंगळीपासून अंगठ्यापर्यंत.

चौथ्या दिवशी त्याला उभं राहता येईना. हवा खराब होती, हेलिकॉप्टर पाच दिवस आलं नाही. खाली दवाखान्यात पोचेपर्यंत डावा पाय घोट्यापर्यंत काळा पडला होता. नंतर ताप आला, आणि त्यातच तो गेला.

चौकशी झाली. वहीत तिन्ही दिवस 'ठीक' होतं, म्हणजे सगळं एका रात्रीत घडलं असणार, असं ठरलं. मला कोणी काही विचारलं नाही. एकवीस वर्षं मी एका गोष्टीवर जगलोय. त्या पहिल्या दुपारी, पाय माझ्या मांडीवर होता तेव्हा, कदाचित त्यात काहीच नव्हतं. बघितलं असतं तरी मी 'ठीक'च म्हणालो असतो. हे 'कदाचित' नसतं, तर माझं काय झालं असतं मला माहीत नाही.

शुक्रवारी अकराच्या सुमारास मी टिटवाळ्याला पोचलो. रिसॉर्ट म्हणजे लग्नाचं लॉन, निळी घसरगुंडी लावलेला पोहण्याचा तलाव आणि एका रांगेत चौदा खोल्या. मागे नदी, नदीपलीकडे नव्या टॉवरचे सांगाडे. गुरुदत्तने खोल्या जुन्या जोड्यांप्रमाणे वाटल्या होत्या. सहा नंबरमध्ये मी एकटा. दोन पलंग समोरासमोर, मधे हातभर जागा.

मिठ्या झाल्या, पोटांवरून आणि टकलांवरून चेष्टा झाली. जेवायला मटण आणि तांदळाच्या भाकऱ्या. मी जरा जास्तच जेवलो आणि बुटासकट पलंगावर आडवा झालो.

जाग आली तेव्हा पाय उघडे होते. बूट पलंगाखाली जोडीने लावलेले. मोजे एकात एक दुमडून उजव्या बुटाच्या नाकावर ठेवलेले. दोन्ही पायांची बोटं चोळल्यासारखी चुणचुणत होती. मला डॉक्टरने सांगितलेलं आठवलं: शुगर बॉर्डरवर आहे, पायाला मुंग्या येतील. मोज्यांचं कारण सापडेना. झोपेत काढले असतील, म्हटलं.

चहाला गुरुदत्तला विचारलं. "माझे मोजे कोणी काढले रे?"

"मी काय तुझी बायको आहे मोजे काढायला?" तो हसला. मग म्हणाला, "चोरीला गेले का?"

"नाही. एकात एक घालून बुटावर ठेवलेत."

गुरुदत्तने बिस्किट कपात बुडवलं होतं. ते चहात भिजून पडलं तरी त्याचं लक्ष नव्हतं.

"नाकावर?" पाय तपासून झाल्यावर सुशांत मोजे तसेच ठेवायचा.

"हो."

"केदार, तू माझ्या खोलीत ये झोपायला."

"कशाला?"

"उगाच. गप्पा मारू."

मी नाही म्हणालो. मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही, आणि चेष्टेला घाबरून खोली बदलणारा तर नाहीच. रात्र शांत गेली. मला गाढ झोप लागली.

शनिवारी जेवण झाल्यावर मी दाराला आतून कडी घातली, खिडकी लावली, बुटांच्या नाड्यांना दोन गाठी मारल्या आणि डोळे मिटून जागा राहिलो. बाहेर तलावात कोणीतरी उड्या मारत होतं. गुरुदत्त स्पीकरवर कोणाला तरी नाच म्हणून आग्रह करत होता.

आधी वास आला. रॉकेलचा. चौकीवर खंदकात आमचा रॉकेलचा स्टोव्ह रात्रंदिवस जळायचा, तो वास कपड्यांतून महिनोन्महिने जात नसे. मग डाव्या बुटाची नाडी सुटली. दोन्ही गाठी एकेक करून, घाई न करता. बूट निघाला, मोजा निघाला.

मी डोळे उघडले नाहीत. उघडता आले असते. नाही उघडले.

करंगळीवर एक अंगठा टेकला. दाबला, उचलला, थांबला. रंग परत यायला लागतो तेवढा वेळ. मग पुढचं बोट. मग पुढचं. डावा पाय झाल्यावर उजवा. दहाही बोटं झाली तेव्हा समोरचा पलंग करकरला, कोणी टेकल्यावर वाजतो तसा.

मी खूप वेळाने उठलो. कडी लागलेली होती. समोरच्या पलंगावरची चादर सरळ होती. मोजे एकात एक.

भीती वाटली, नाही असं नाही. पण त्याहून जास्त लाज वाटली. इतकी लाज मला चौकशीच्या दिवशीही वाटली नव्हती. संध्याकाळभर मी नदीकाठी बसून राहिलो आणि ठरवलं की उद्या म्हातारीला सगळं सांगायचं. ती शिव्या देईल, थोबाडीत मारेल, सव्वीस जणांसमोर मारेल. मारू दे.

रविवारी अकरा वाजता लॉनवर कार्यक्रम झाला. सुशांतची आई, शालनमावशी, रिक्षातून जयाचा हात धरून उतरली. जया ही सुशांतची धाकटी बहीण, आता चाळिशीतली. म्हातारी वाळून गेली होती, पण नजर लख्ख. मी शाल घातली, नारळ दिला, वाकून पाया पडलो. तिने माझा हात धरला तो सोडलाच नाही. बाजूच्या खुर्चीवर बसवलं.

"तूच केदार ना र? तो सांगायचा फोनवर. माजं पाय केदार बगतो, तू घोर नको करू."

"मावशी, मला तुम्हाला काही सांगायचंय."

"सांगशील. आदी मला येक सांग." तिने आवाज खाली आणला. "त्याला काय व्हतं का र आदल्या दिवसांत? येखादं बोट, काय डाग? कोनाला दिसलं आसतं, आनि र्‍हायलं, आसं काय झालं का? मला तेवडंच पायजे. मंग मी मोकली."

लॉनवर टाळ्या वाजत होत्या. कोणाचा तरी सत्कार चालला होता. माझ्या तोंडाशी शब्द आले होते, खरंच आले होते. मी तिच्याकडे बघितलं आणि माझ्यातला जुना भित्रा माणूस पुढे झाला.

"काहीच नव्हतं, मावशी. मी रोज बघायचो. पाय अगदी चांगले होते."

तिने डोळे मिटले. जयाने पदर तोंडाला लावला.

"एकवीस वर्षं आई हेच विचारत होती," जया हळूच म्हणाली. "कोणी धड सांगायचं नाही. आज तिला झोप लागेल, दादा."

म्हातारीने माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि बोटं मोडली. तिने दोन घास खाल्ले, मलाही भरवले. ते घास मी कसे गिळले ते मलाच ठाऊक. दीड वाजता त्या दोघी निघाल्या. गुरुदत्त त्यांना स्टेशनवर सोडायला गेला.

मी सहा नंबरमध्ये आलो. बॅग भरून निघायचं एवढंच उरलं होतं. दार मी उघडंच ठेवलं होतं. बाहेर लख्ख ऊन, तलावाच्या काठावर वाळत घातलेले टॉवेल. लोक एकमेकांचे फोन नंबर घेत होते.

रॉकेलचा वास आला.

मी पलंगावर बसलो. या वेळी बूट मीच काढले. मोजेही मीच काढले.

अंगठा करंगळीवर टेकला. दहा बोटं झाली. मी डोळे उघडे ठेवले होते. माझ्या पायाशी कोणी नव्हतं. प्रत्येक बोट दाबल्यावर पांढरं होत होतं आणि परत गुलाबी.

मग समोरचा पलंग करकरला.

नियम असा होता की एकाचं झालं की दुसऱ्याचं. तो वाट बघत होता. दार दोन पावलांवर होतं.

मी उठलो नाही. गुडघे जुळवले आणि दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवले.

"दे," मी म्हणालो. एकवीस वर्षांत त्याच्याशी बोललेला पहिला शब्द.

हातांवर वजन आलं. दिसत काही नव्हतं. टाच माझ्या डाव्या तळव्यात होती, खरखरीत, भेगाळलेली, जिवंत. डावा पाय, पहिल्या दुपारी मांडीवर ठेवला होता तोच.

मी त्याच्याच पद्धतीने सुरुवात केली. करंगळी लाकडासारखी टणक होती आणि बर्फाइतकी गार.

पुढचं बोट दाबलं. मग त्याच्या पुढचं. मग चौथं. मग अंगठा.

चारही गरम होती.