शेजारची सीट

मेलेल्यांना सीटबेल्ट बांधायचं काम त्या प्रयोगशाळेत एकाच माणसाकडे होतं. सगळे त्याला गमतीने ‘पट्टेवाला’ म्हणत. देहदान केलेली माणसं चेहऱ्यावर कापडी टोपी चढवूनच त्याच्याकडे येत. नाव नाही, गाव नाही. रुळांवरच्या अर्ध्या गाडीत तो त्यांना बसवायचा, हात मांडीवर टेपने बांधायचा, “सांभाळून हं,” म्हणायचा. मग गाडी भिंतीवर आदळायची. माणूस कुठे मोडतो ते कळलं की बेल्ट सुधारतो, एवढा साधा मामला.

त्याची लहानगी लेक अशाच धडकेत गेली होती. गाडी बायको चालवत होती. ब्रेक दाबला की तिचा एक हात आपोआप शेजारी लेकीपुढे आडवा जायचा. “अगं, बेल्ट आहे ना तिला!” तो चिडवायचा. त्या दिवशीही हात गेला होता, पण पुरला नाही. बायको वाचली, ती नावालाच. मागच्या महिन्यात तीही गेली, देहदान करून. “तिला तेवढं माझ्याकडे पाठवू नका हो,” असं त्याने सगळ्यांना हात जोडून सांगितलं होतं.

आज आलेली बाई शिडशिडीत होती. त्याने नेहमीसारखं बांधलं. धडकेनंतर पडद्यावर चित्रफीत संथ फिरू लागली आणि तो पडद्याजवळ सरकला. गाडी आदळायच्या आधीच टेप तुटली होती. बाईचा हात शेजारच्या रिकाम्या सीटपुढे आडवा होता.

“टेप ढिली राहिली,” इंजिनियरबाई म्हणाल्या. “लक्ष कुठंय तुमचं?”

दुसऱ्या वेळी त्याने चांगले चार वेढे मारले. हात पुन्हा आडवा.

“मॅडम, ही माझी बायको आहे.”

त्यांनी हातातली फाईल मिटली. “टोपी काढता येणार नाही. शेवटची एकच चाचणी उरलीय. तुम्ही बाहेर बसता का?”

“नको. मीच बांधतो.”

तो टोपीपाशी वाकला. “अगं, बास आता. ती नाहीये इथे. शेजारी कुणी नाहीये. हात खाली ठेव.”

गाडी आदळली.

चित्रफितीत हात मांडीवरच होता, टेप शाबूत. सुटली बिचारी, असं वाटून तो रडता रडता हसला.

मग बेल्ट सोडायला तो गाडीत चढला.

रिकाम्या सीटसमोरचा डॅशबोर्ड आत दबला होता. बराच खाली, लहान मुलाचं डोकं पोचेल तिथे.

खळगा जेमतेम ओंजळीएवढा.

त्याने हात लावून पाहिला. कोमट लागला.